चंद्रभागा बंडगर यांचे वर्णन

“आधी हकीकत सांगा सर, मग वर्णन घेतो लिहून,” असं म्हणून माउली नरसाळेनं कोऱ्या कागदाची डावी कड दुमडून समास पाडला, आणि बंडगर सरांच्या मनात पहिली गोष्ट काय आली, तर समास जरा जास्तच रुंद झालाय. आई सकाळपासून बेपत्ता, दुपारचा एक वाजलेला, मार्चच्या उन्हानं शर्ट पाठीला चिकटलेला, आणि हा माणूस समास बघतोय! त्यांना स्वतःची शिसारी आली. पण बावीस वर्षं ज्यानं मुलांच्या वह्या तपासल्या, त्याच्या डोळ्यांना दुसरं दिसणार तरी काय? त्यात योगायोग असा, की तीन तासही झाले नव्हते, नववी ‘ब’च्या फळ्यावर त्यांनी मधोमध खडूची उभी रेघ मारली होती. डावीकडे ‘कथन’, उजवीकडे ‘वर्णन’. कथनात काळ चालतो, वर्णनात काळ थांबतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते वाक्य त्यांचं स्वतःचं होतं, कुठल्या गाइडातलं नव्हतं, आणि त्याच्यावर त्यांचा जीव होता. कथनपर परिच्छेद, पाच गुण. वर्णनपर परिच्छेद, पाच गुण. हे दहा गुण म्हणजे बंडगर सर, अशी शाळेत त्यांची ख्याती होती. बाकीचा पेपर कुणीही शिकवावा. आता चौकीतल्या या टेबलाशी तेच दोन प्रश्न त्याच क्रमानं त्यांच्यापुढं आले होते, आणि पेपर कोरा होता.

माउली त्यांचा विद्यार्थी. करकंबचा, मामाकडं राहून सोलापुरात दहावीपर्यंत शिकला आणि पुढं पोलिसात लागला. सर आत आले तसा तो खुर्चीवरून उठला, पाया पडला, पंखा त्यांच्या बाजूला वळवला, पाण्याची बाटली पुढं केली. सरांना ते सगळं फार जड झालं. अनोळखी पोलीस असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. अनोळखी माणसापुढं माणूस नापास होऊ शकतो. पण माउलीनं पेन उघडून कागदावर टेकवलं होतं आणि तो मान वर करून वाट बघत होता, शुद्धलेखनाला बसलेल्या मुलासारखा.

सर बोलू लागले, आणि नमुनेदार बोलले. आज शनिवार, सकाळची शाळा. पत्नी पूनम आणि मुलगी कालच मोहोळला गेलेल्या, पूनमच्या माहेरी, तिच्या मामेभावाच्या साखरपुड्याला. घरात ते आणि आई, दोघंच. विजापूर रोडच्या आतल्या अंगाला सोसायटी, दुसरा मजला. सकाळी आईला चहा आणि खारी दिली, पावणेसातला घर सोडलं. साडेअकराला शाळा सुटली. बाराला घरी पोचले तर दार उघडं, आई नाही. गच्ची पाहिली, पार्किंग पाहिलं, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारलं, मारुतीच्या देवळात बघितलं, मोटरसायकलवरून सात रस्ता चौकापर्यंत जाऊन आले. एक वाक्य दुसऱ्याचा हात धरून चाललं होतं, मधे कुठं ठेच नाही, पुनरुक्ती नाही. माउली झरझरा लिहीत होता. मग तो थांबला.

“दार उघडं, म्हणजे आजींनी आतनं उघडलं का सर?”

“दार उघडं राहिलं,” सर म्हणाले.

काय वाक्य होतं! व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही, आणि कुणी काही केलेलं नाही. दार आपलं आपण उघडं राहिलं. असली वाक्यं मुलं लिहितात तेव्हा सर समासात लाल प्रश्नचिन्ह काढतात: ‘कोणी? कसे? मधला दुवा?’ काच फुटली, पैसे हरवले, दूध उतू गेलं. पोरांनो, करणारा कुठं गेला? करणाऱ्याला वाक्यातून पळू देऊ नका. वर्ग हसायचा. आणि आता करणारा समोरच्या खुर्चीत पंख्याच्या वाऱ्याला बसून रुमालानं मान पुसत होता.

“तसं न्हाय सर,” माउली अदबीनं म्हणाला, “लॅच हाय का, कडी हाय, का कुलूप? साहेब विचारत्यात मग.”

“कडी आहे. बाहेरून.”

माउलीनं पेन खाली ठेवलं. ते पेन ठेवणं सरांना वर्गातल्या छड्यांपेक्षा जास्त लागलं. मग तेच भडाभडा बोलले. गेल्या दिवाळीच्या आधी आई एकटीच खाली उतरून गेली होती. दोन तासांनी सात रस्त्याच्या ऐन मध्यावर सापडली. दोन्ही हात पसरून, पदर कमरेला खोचून, ती रिक्षा आणि दुचाक्या वळवत होती. मेंढरं पिकात शिरू नयेत म्हणून बाया जशा आडव्या उभ्या राहतात, तशी. हॉर्न वाजत होते, लोक मोबाइलवर फोटो काढत होते, आणि ती तोंडानं ‘हुर्र, हुर्र’ करत एका सिटी बसला मागं सारत होती. त्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी घरी आले, चहा प्याले आणि म्हणाले, सर, तुम्ही सुशिक्षित आहात, आम्ही काय सांगावं. पूनम म्हणाली, बाई ठेवावी तर बाई मिळत नाही, मी नोकरी सोडावी तर हप्ते कसे फेडायचे. सगळ्यांचंच बरोबर होतं. म्हणून मग बाहेरून कडी. कुलूप मात्र नाही, यावर सर ठाम राहिले. कुलूप कैद्याला असतं. नुसती कडी म्हणजे आपली काळजी, वारा लागू नये म्हणून दार ओढून घ्यावं तशी. घरातून सगळ्यांत शेवटी ते निघत, म्हणून कडी लावायचं काम त्यांच्याकडं आलं, आणि पाच महिने ते त्यांनी नेमानं केलं.

हे एवढं त्यांनी माउलीला सांगितलं. सांगितलं नाही ते असं, की ती कडी जरा आखडली होती. जोर लावला की खट्ट करून बसायची, आणि तो खट्ट आवाज सरांना सोसत नसे. आत खिडकीजवळच्या खाटेवर अव्वा, म्हणजे आई, भिंतीकडं तोंड करून पडलेली असे, झोपलेली. तिला ऐकू जाऊ नये म्हणून ते अंगठ्यानं कडी दाबून धरत आणि चोरासारखी हळूहळू सरकवत. एवढा जाणता माणूस, पन्नाशी गाठलेला, आदर्श शिक्षकाची शाल घरात असलेला, आणि रोज सकाळी स्वतःच्याच दाराशी श्वास रोखून उभा राहायचा. मग जिना उतरताना पहिल्या मजल्यापर्यंत त्यांच्या कानात काही तरी वाजत राही, आणि मोटरसायकलला किक मारली की थांबे. आजही त्यांनी तसंच केलं होतं. जरा जास्तच हळू. कडी कोयंड्यात बसली असं बोटाला वाटलं होतं. बसली नव्हती. हे त्यांना बाराला दारात उभं राहिल्या राहिल्या कळलं होतं, आणि तेव्हापासून ते त्याच्यावरून उडी मारून पुढची वाक्यं बोलत होते.

“हे लिहायचं का सर? कडीचं?”

“नको,” सर म्हणाले. मग जरा थांबून, “दार चुकून उघडे राहिले, असं लिही.”

माउलीनं लिहिलं. ‘चुकून’ त्यानं ऱ्हस्व ‘चु’ काढून बरोबर लिहिलं, तेही सरांनी पाहिलं.

“आता वर्णन. नाव?”

“चंद्रभागा सिद्राम बंडगर.” त्यांनी खिशातून आधार कार्डाची झेरॉक्स काढून दिली. फोटोत उन्हात बघितल्यासारखा डोळे बारीक केलेला एक करडा ठिपका होता. त्यात बाई आहे एवढंच कळत होतं.

“वय?”

“अठ्ठ्याहत्तर.”

“उंची?”

चार वर्षं ती त्यांच्या घरात होती, आणि चार वर्षांत त्यांनी तिला बहुतेक करून बसलेलीच पाहिली होती. खाटेवर बसलेली, मोरीत पाटावर बसलेली, ताटासमोर बसलेली. उभी राहिली की ती किती उंच असते? खांद्याला लागते का कानाला? त्यांना ते सांगता येईना. त्यांनी हवेत हात धरून पाहिला, वर घेतला, खाली घेतला. माउलीनं त्या हाताकडं बघितलं आणि अंदाजानं काही तरी लिहिलं. साडी कुठली नेसल्यात? साड्या पूनम काढून द्यायची. सर सकाळी चहाचा कप ठेवताना खाटेशी वाकले होते, पण त्यांना आठवत होता तो कप, कानाशी टवका उडालेला. पूनमला त्यांनी तीनदा फोन लावला होता. साखरपुड्यातल्या बँजोच्या दणदणाटात तिला ऐकू जात नसावं. अंगावर खूण? गोंदण? आहे, गोंदण आहे, हातावर. कुठल्या हातावर सर? काय गोंदलंय? नाव, तुळस, विंचू? सरांनी डोळे मिटले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं त्यांच्या आतून कुणी तरी चक्क मोठ्यानं म्हणालं. डोळे मिटल्यावर त्यांना ती दिसली खरी, पण पाठमोरी. माण नदी ओलांडून पल्याड जाणारा तांडा, दोनशे मेंढरं, घोड्यावर बिऱ्हाड, आणि सगळ्यांच्या पुढं अव्वा. खांद्यावर तासाभरापूर्वी जन्मलेलं कोकरू, त्याचं ओलं डोकं तिच्या मानेवर डुगडुगतंय. सात-आठ वर्षांचा बिरा, म्हणजे ते स्वतःच, मागून पळतोय, पायात काटा, तो हाक मारतोय आणि ती चालतीये, कारण मेंढरं थांबत नाहीत तर ती कशी थांबणार. टायरच्या चपलांचे तळ त्यांना लख्ख दिसले. डाव्या तळाला खिळा ठोकलेला. लुगड्याचा काष्टा, पोटऱ्यांवरची धूळ, सगळं. पण चेहरा काही केल्या वळेना. त्यांनी मनातल्या मनात पुन्हा हाक मारली. ती चालतच राहिली. जन्मभर त्यांनी तिला मागूनच पाहिलं होतं आणि पुढं झाल्यावर वळून पाहिलं नव्हतं.

“सर, कायबी सांगा. हात कसं हायत, चालत्यात कशा. तुमीच शिकवलंय की, पंजा.” माउलीनं खरंच हाताचा पंजा उघडून धरला. दिसणं, ऐकू येणं, वास, चव, स्पर्श. पाच बोटं, पाच इंद्रियं, प्रत्येकाला एकेक वाक्य द्या, वर्णन उभं राहतं. शाळेत पोरं त्यांना मागून ‘पंजा सर’ म्हणत. तो पंजा समोर दिसला आणि सरांच्या तोंडाला आपोआप वाट फुटली. “तिचे हात उन्हाने रापलेले आहेत,” ते म्हणाले. आवाज बदलला, घसा मोकळा झाला. “पहाटे त्या हातांना ज्वारीच्या पिठाचा वास येतो. दुपारी ते ओल्या मातीसारखे थंड असतात. तिच्या बांगड्यांची किणकिण ऐकली की मला...”

“...की मला घर जागे झाल्यासारखे वाटते,” माउली म्हणाला. त्यानं ते थट्टेनं म्हटलं नाही, बिचाऱ्यानं. पाढा पुढं म्हणावा तसं त्याच्या तोंडून आलं. “आणि सायंकाळी तुळशीपाशी उभ्या असलेल्या आईच्या पदराला उदबत्तीचा मंद सुगंध येतो. सर, हे मी बोर्डात लिहिलंय. ‘माझी आई’. आमच्या अख्ख्या वर्गानं लिहिलं हुतं.”

बावीस वर्षं. वर्षाला तीन तुकड्या, तुकडीत साठ पोरं. मोची गल्लीतली, विडी घरकुलातली, पूर्व भागातली, ज्यांची आई तेलुगू बोलायची आणि ज्यांच्या अम्मीला ‘सुगंध’ नव्हे ‘खुशबू’ हा शब्द माहीत होता, त्या सगळ्यांनी तुळशीपाशी उभी असलेली ही एकच बाई लिहिली होती आणि चार-साडेचार गुण घेतले होते. पेपर तपासणारे मॉडरेटर हसायचे, बंडगरांची आई आली म्हणायचे. सरांनाही त्याचं कौतुक होतं. आणि ती बाई कोण, तर कुणीच नाही. त्यांच्या घराला तुळस नव्हती. वर्षाचे आठ महिने ज्यांचं बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर, ते तुळस लावणार कुठं? नोकरीच्या पहिल्या वर्षी, नमुना म्हणून फळ्यावर लिहिताना, त्यांनी खरं तेच लिहायला घेतलं होतं. ‘माझ्या आईच्या अंगाला ओल्या घोंगड्याचा आणि मेंढरांचा वास येतो.’ एवढं वाक्य फळ्यावर पडलं आणि मागच्या बाकावरून कुणी तरी ‘ब्यॅ’ केलं. मग दुसऱ्यानं. मग साठ पोरं हसली, चांगली गडगडून. सर तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते, अंगावर नवी इस्त्रीची पँट, आणि कानापर्यंत लाल झाले होते. त्यांनी डस्टर उचललं, ओळ पुसली आणि तिथं उदबत्ती लावली. वर्ग शांत झाला. दुसऱ्या दिवशी सगळ्या वह्यांत उदबत्ती होती. आपण तेव्हा एक ओळ पुसली असं ते समजत होते; आज कळत होतं की पुसली ती बाईच, आणि जी लिहिली ती आता त्यांच्या आणि तिच्या मधे दारासारखी उभी होती. तिला ओलांडून त्यांना जाता येत नव्हतं. त्यांना एकदम रडू आलं आणि ते रडले, माउलीसमोर, रुमालात तोंड घालून, बिचकत बिचकत.

माउलीनं उठून बाहेरच्या बाजूचं दार पुढं लोटलं. परत येऊन बसला. मग म्हणाला, “सर, ऱ्हाऊ दे वर्णन. घरात तुमी त्यास्नी काय म्हणता? आईच म्हणता?”

“अव्वा,” सर रुमालातून म्हणाले. हा शब्द त्यांनी घराबाहेर कधी उच्चारला नव्हता. शाळेत त्यांची आई ‘मातोश्री’ होती.

“अव्वा? तुमी मंगळवेढ्याच्या तिकडलं न्हवं का, कर्नाटक बॉर्डरचं?” माउली पुढं झुकला. “मग सर, चंद्रभागा कसं काय? तिकडं चंद्रभागा न्हाय ठिवत.”

सरांनी मान वर केली. चार वर्षांपूर्वी तिला इथं आणल्यावर आधार कार्ड दुरुस्त करायला नेलं होतं. तिथल्या मुलीनं विचारलं, नाव सांगा. अव्वा तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, चंद्रभागा. वहीत चुकीचा शब्द दिसला की हात जसा आपसूक जातो, तसे ते बोलून गेले होते. त्यात काही वाईट आहे असं त्यांना वाटलं नव्हतं. उलट जुनं, खरबरीत काही तरी घासूनपुसून तिला दिलं असं वाटलं होतं. अव्वानं यंत्रावर अंगठा ठेवला, हिरवा दिवा लागला. घरी येताना रिक्षात तिनं विचारलं होतं, “बिरा, ती चंद्रभागा कोन रं?” आणि त्यांनी रस्त्याकडं बघत म्हटलं होतं, “तूच.” तिनं पुन्हा विचारलं नाही.

“चंद्रव्वा,” ते म्हणाले. “तिचं नाव चंद्रव्वा.”

माउलीनं मोबाइल उचलला होता. तो अंगठ्यानं वर वर सरकवत गेला, थांबला, आणि कपाळाला हात लावला. “काखेत कळसा, सर. साडेधाला आलाय ह्यो मेसेज आमच्या पोलिसांच्या ग्रुपवर. सोरेगावच्या अलीकडं एक म्हातारी मिळाली, चालत निघालेली. नाव चंद्रव्वा. मुलाचं नाव बिरा, शाळेत असतो म्हणते. अठ्ठ्याहत्तर वर्साच्या बाईचं पोरगं साळंत? मला वाटलं भ्रम झालाय कुणाला तरी. आन् तुमी तर बी. एस. बंडगर, आई चंद्रभागा. जुळवायचं कसं?” तो बोलता बोलता फोन लावत होता. पलीकडं ऋतुजा पुजारी म्हणून शिपाई होती, अक्कलकोटकडची, कन्नड येणारी. व्हय, हितंच हाय की आजी, चौकीतच बसवल्या, पानी दिलंय, लई गोड हायत, ती सांगत होती आणि स्पीकरवरून चौकीभर ऐकू येत होतं. आपलं घर कुटं ते सांगता येईना, म्हणून तिनं मग आजीलाच विचारलं, तुझा पोरगा कसा दिसतो ते सांग. जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवलंय, फोटो टाकते, सरांना दाखवा, जुळलं तर घेऊन या.

फोटो आला. वहीतून फाडलेला कागद, निळं पेन, समास नाही. माउलीनं तो वाचला नाही. मोबाइल सरांच्या हातात दिला आणि खिडकीकडं बघत राहिला.

‘पोरगं लई उंच न्हाय. उबी ऱ्हायले तर माज्याएवडंच. पाट वाकलीया आता. उजव्या हाताच्या दोन बोटास्नी खडू आसतोय, धुतला तरी जात न्हाय. चष्मा काडला की डोळं ल्हान पोरावानी दिसत्यात. घरात आलं की चपला भिताडाकडं तोंड करून ठिवतंय. जेवताना ताटात बगतंय, माज्याकडं न्हाय. झोपंत दात खातंय, मी उटून बसते मग. साळंत लई बोलतंय मनत्यात, घरात बोलत न्हाय. माज्या अंगाचा वास त्येला ल्हानपनी लई आवडायचा, घोंगड्यात शिरायचं. आता लांबनं च्या ठिवतंय. सकाळी कडी लावतंय ती लई हळू लावतंय, मला ऐकू जाऊ न्हाय मनून. मला ऐकू जातंय. त्येला वाईट वाटू न्हाय मनून मी झोपल्याचं सोंग करते.’

सरांनी ते एकदा वाचलं. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून. पंख्याचा वारा कागद नसलेल्या त्या कागदावरून जात होता आणि त्यांचा अंगठा काचेवर ओला झाला होता. पाच महिने तो दाराच्या या बाजूला श्वास रोखून उभा होता आणि त्या बाजूला ती डोळे मिटून, त्याच्याइतकाच श्वास रोखून पडली होती. दोघांच्या मधे दीड इंचाचं दार. कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, माय-लेकरू लपंडाव खेळतायत.

“जुळतंय का सर?” माउलीनं खिडकीकडं बघतच विचारलं.

“हो,” सर म्हणाले.

ते माउलीच्या मागं बसून गेले. स्वतःची मोटरसायकल त्यांनी चौकीबाहेरच ठेवली. विजापूर रोडवर ऊन असं होतं की दुकानांची शटरं अर्धी खाली ओढलेली. सरांना वाटेत काय काय सुचत होतं. माफी मागायची. कडी काढून टाकायची, आजच, मिस्त्री बोलावून. बिनपगारी रजा घ्यायची. नोकरी सोडायची. प्रत्येक वाक्य निघायचं आणि दोन-चार शब्दांवर हप्त्यांना, पूनमला, सात रस्त्याच्या त्या सिटी बसला येऊन धडकायचं. सोमवारी नववी ‘ब’ला कथनाचा सराव होता. सोमवारी सकाळी साडेदहा वाजता ते त्या दाराबाहेर उभे असणार होते, आणि तेव्हा ते काय करणार हे त्यांना माहीत नव्हतं. किंवा खरं सांगायचं तर माहीत होतं, आणि म्हणूनच त्यांना गाडी इतक्या लवकर पोचायला नको होती.

अव्वा चौकीतल्या बाकावर पाय वर घेऊन बसली होती. साडी निळी होती, बारीक चौकड्यांची. मांडीवर बिस्किटाचा पुडा, त्यातली दोन खाल्लेली, बाकीची पदरात बांधायच्या बेतात. पायांत चपला नव्हत्या. तळवे तापून लाल झाले होते. उजव्या मनगटावर विंचू गोंदलेला होता, नांगी अंगठ्याकडं. ऋतुजा पुजारीनं वाकून विचारलं, “आजी, ह्योच का तुमचा बिरा?” अव्वानं बघितलं. घाईनं नाही, वरपासून खालपर्यंत, मेंढरू आपलंच का दुसऱ्याच्या कळपातलं हे बघावं तसं निवांत. चेहरा पूर्ण वळलेला होता, आणि सरांना त्याच्याकडं बघणं जमेना.

“ह्योच की,” ती म्हणाली. “घाम किती आलाय त्येला.”

सर तिच्या पुढ्यात खाली बसले, फरशीवर, उकिडवे. तिच्या अंगाला साबणाचा वास होता, पूनमच्या साबणाचा. त्याच्या खालचा जुना वास काही त्यांना लागला नाही. बोलायला तोंड उघडलं तर बावीस वर्षं वापरलेली भाषा आलीच नाही. मग कुठून तरी जुनी आली.

“अव्वा, कुटं निगाली हुतीस गं?”

“तुज्याच साळंकडं की.” तिला प्रश्नाचंच नवल वाटलं. “सकाळी कडी बसलीच न्हाय तुजी. दार आपलं उगडं. मनलं गडबडीत इसरला आसंल, मागारी आल्यावर जिवाला घोर लागंल त्येच्या. मीच लावली आसती भाईरनं, पर मग आत कोन ऱ्हानार? मनून सांगाय निगाले, तर रस्ता काय घावंना.” तिनं बिस्किटं पदरात बांधली, गाठ दातानं आवळली आणि उठायला त्यांच्या खांद्यावर हात टाकला. तिच्याबरोबर तेही उठले; उभी राहिली तेव्हा ती खरोखरच त्यांच्याएवढी होती.

“चल,” ती म्हणाली. “बिगीनं चल. घर उगडं हाय.”